थकलेल्या आजी-आजोबांचं मन सांभाळताना

नव्याने सांभाळायला लागलेले बहुतेक जण एकच चूक करतात: 'तुम्ही बसा, मी करते' म्हणत हातातलं सगळं काढून घेतात. माणूस त्यानेच खचतो. मेथी निवडणं, वाती वळणं, असं बसून होणारं एक काम त्यांच्याकडेच ठेवा. दुप्पट वेळ लागला तरी मध्ये हात घालू नका.

गप्प झाले, चिडू लागले तर आधी कान बघून घ्या. अनेकदा मळ साचलेला असतो, नाहीतर ऐकण्याच्या यंत्राचा सेल संपलेला. टीव्ही बंद करून, समोर बसून, सावकाश बोला. ओरडल्याने आवाज पोचतो, शब्द नाही.

सकाळी अर्धा तास गॅलरीतल्या उजेडात बसवा. दुपारची झोपही अर्ध्या तासातच आटपा.

दोन आठवडे जेवणातून, आवडत्या मालिकेतूनही मन उडालं तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि एक-दोन दिवसांत अचानक बरळू लागले, तर ते नैराश्य समजू नका. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, नवी गोळी, अगदी बद्धकोष्ठताही कारण असते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

'देवा, ने आता' वारंवार ऐकू आलं तर विषय बदलू नका. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.