ट्रिपॅनोसोमात ऑपेरॉन असतात का?

तुमचा प्रश्न असा, की ट्रिपॅनोसोमा ब्रुसीच्या (झोपेचा आजार करणाऱ्या एकपेशी परजीवीच्या) गुणसूत्रावर डझनावारी जनुकं एकाच दिशेला तोंड करून रांगेत उभी दिसतात आणि मधे कुठे प्रमोटर (जनुक वाचायला सुरुवात होण्याची खूण) सापडत नाही, तर हे जिवाणूंच्या ऑपेरॉनसारखंच, म्हणजे एकाच प्रमोटरवरून एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांच्या गटासारखं, समजायचं का? नका समजू. मीही सुरुवातीला प्रत्येक जनुकाच्या अलीकडे प्रमोटर शोधत बसलो होतो.

ऑपेरॉनमधली जनुकं सहसा एकाच कामाची असतात. इथे शेजाऱ्यांचा एकमेकांच्या कामाशी बहुधा काही संबंध नसतो. ट्रिपॅनोसोमाच्याच नात्यातल्या लीश्मॅनिया मेजर या परजीवीचं पहिलं गुणसूत्र बघा. ७९ जनुकांपैकी २९ डीएनएच्या एका धाग्यावर, ५० दुसऱ्यावर, आणि वाचन (जनुकावरून आरएनए बनणं) दोन गटांच्या मधल्या जागेतून दोन्ही बाजूंना सुरू होतं. पॉलिमरेज (आरएनए बनवणारं विकर) एकदा चढलं की वाटेतली सगळी जनुकं वाचत जातं.

पुढचा फरक मोठा आहे. ऑपेरॉनचा लांब आरएनए अखंडच वापरला जातो. इथे तो कापला जातो आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्याला ३९ न्यूक्लिओटाइडांचा एकच ठरावीक तुकडा टोपीसकट (आरएनएच्या सुरुवातीच्या संरक्षक टोकासकट) जोडला जातो. हेच ट्रान्स-स्प्लायसिंग. आधीच्या जनुकाच्या आरएनएची पॉली-ए शेपटी (शेवटी जोडली जाणारी ‘ए’ अक्षरांची साखळी) कुठे लागणार, तेही पुढच्या जनुकाच्या या जोडणीवरच ठरतं. म्हणजे एकत्र वाचलेली जनुकं इथून सुटी होतात.

मग कोणत्या जनुकाचं प्रथिन किती बनायचं, हे कमी-जास्त होतं कुठे? वाचून झाल्यावर. माझं आवडतं उदाहरण ट्रिपॅनोसोमातल्या फॉस्फोग्लिसरेट कायनेज या विकराचं. ए, बी आणि सी ही त्याची तीन जनुकं एकाच रांगेत शेजारी आहेत, वाचली जातात सारखीच. तरी सस्तन प्राण्याच्या रक्तातल्या अवस्थेत सी भरपूर आणि त्सेत्से माशीच्या आतड्यातल्या अवस्थेत बी. हे ठरतं मुख्यतः आरएनएच्या शेवटच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागावर, म्हणजे ३ प्राइम यूटीआरवर. तिथे कोणती प्रथिनं येऊन चिकटतात, त्यावर तो आरएनए टिकतो की लगेच मोडतो आणि त्यापासून प्रथिन किती बनतं, हे अवलंबून. लीश्मॅनियाला आणखी एक वाट आहे, जनुकाच्या किंवा अख्ख्या गुणसूत्राच्याच प्रती वाढवण्याची.

अपवाद व्हीएसजीचा, आणि गोंधळ बहुतेक तिथूनच होतो, कारण सगळे आधी तेच वाचतात. पृष्ठभागावरच्या या प्रथिनाची जनुकं दोन हजारांवर, त्यातली बरीचशी मोडकीतोडकी. वाचली जातात ती गुणसूत्रांच्या टोकांजवळच्या साधारण १५ जागांपैकी एकाच जागेवरून, तेही पॉलिमरेज १ या वेगळ्या पॉलिमरेजकडून. तिथे प्रमोटर आहे, चालू-बंद होणंही आहे. पण त्यावरून बाकी जनुकांचा अंदाज बांधू नका.

तुम्ही प्रथिनाला टॅग (ते ओळखता यावं म्हणून जोडलेली खूण) लावणार आहात असं लिहिलंय. सी-टोकाला, म्हणजे प्रथिनाच्या शेवटाला, लावलात तर नेहमीच्या पद्धतीत जनुकाचा मूळ ३ प्राइम यूटीआर जातो आणि प्लास्मिडमधला (टॅग घालायला वापरलेल्या डीएनएमधला) येतो. मग कोणत्या अवस्थेत प्रथिन किती दिसतं, यावर विश्वास ठेवू नका. शक्य असेल तर एन-टोकाला, म्हणजे सुरुवातीला, लावा, फक्त तिथे संकेत-पेप्टाइड (प्रथिनाने कुठे जायचं ते सांगणारा तुकडा) नाही ना, ते आधी तपासा.