साक्षगंध: साक्ष कोणाची, गंध कशाचं?

यवतमाळकडून आलेल्या पत्रिकेवर 'साक्षगंध' वाचून पुण्याच्या एका वाचकांनी विचारलंय: हा साखरपुडाच का? आणि वाङ्निश्चय मग वेगळा?

होय, साखरपुडाच. पण आमच्या विदर्भात, खेड्यात तर हमखास, "पोरीचं साक्षगंध झालं का जी?" असंच विचारतात. फोड सरळ आहे, साक्ष आणि गंध: चार लोकांच्या साक्षीनं लावलेलं गंध. 'साक्षी' या शब्दात 'स' आणि 'अक्षि' आहेत, म्हणजे डोळ्यांसह असलेला, स्वतः पाहणारा.

माझ्या मामेबहिणीचं साक्षगंध दारव्ह्याजवळच्या गावात, अंगणात सतरंज्या टाकून झालं. मुलाकडच्या बायकांनी तिला पाटावर बसवून कुंकू लावलं, ओटी भरली, हातात साखरेचा पुडा दिला. मामांनी मुलाला गंध लावलं. आजोबांना लांबचं दिसत नव्हतं, म्हणून मामा त्याला हाताला धरून त्यांच्यापुढे घेऊन गेले. "पाहून घ्या बाबा, हा आपला जावई." आजोबांनी त्याच्या कपाळाचं ओलं गंध बोटानं चाचपलं. साक्ष हा शब्द मला त्या दिवशी कळला.

साखरपुडा म्हटलं की त्याच प्रसंगातला गोडवा पुढे येतो, वाङ्निश्चय म्हटलं की दिलेला शब्द. वाक् म्हणजे वाणी; पुढे 'न' आला म्हणून 'क्'चा 'ङ्' झाला. बऱ्याच घरांत साखरपुडा महिनोन्महिने आधी होतो आणि पोथीतला वाङ्निश्चय लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, सीमांतपूजनासोबत उरकतात. एवढाच काय तो वेगळेपणा.

ज्या मुलीविषयी असा शब्द दिला ती वाग्दत्ता. हा शब्द फिरवता येतो का, यावर स्मृतींचंही एकमत नाही. मनू म्हणतो, एकाला दिलेली कन्या शहाण्यानं पुन्हा दुसऱ्याला देऊ नये. याज्ञवल्क्य म्हणतो, अधिक चांगला वर आला तर द्यावी. विवाह पुरा होतो तो मात्र सातव्या पावलाला, असं मनूच सांगतो, आणि सप्तपदी असलेल्या विवाहाबद्दल 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 मध्येही तेच आहे. म्हणून साक्षगंध मोडलेल्या मुलीला गावानं 'टाकलेली' म्हणणं मला फार लागतं. वाग्दत्ता ही कोणाची बायको झालेली नसते.

आणि लिहिताना नपुंसकलिंगी: साक्षगंध झालं, 'झाला' नव्हे.