शब्द पाठ होतात, पण वापरता येत नाहीत

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून मी राजारामपुरीत राहून बँकेच्या परीक्षांची तयारी करतो. अवघड इंग्रजी शब्द मराठी अर्थांसह वहीत उतरवून रोज पाठ करतो. परंतु आठवडाभरात निम्मे विसरतात आणि उरलेले वाक्यात वापरताना चुकतात. याहून मोठी यादी घ्यावी का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मोठी यादी मुळीच घेऊ नये. आपण शब्दाचा अर्थ पाठ करता. तो कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतो, हे मात्र वहीत टिपलेले दिसत नाही. ‘मिटिगेट’समोर नुसते ‘कमी करणे’ असे लिहिले, तर फी किंवा वजन कमी करण्यासाठीही तो वापरण्याचा मोह होतो आणि वाक्य व्याकरणात बसूनही चुकते. धोका, नुकसान, परिणाम यांची तीव्रता कमी करणे, एवढेच त्याचे क्षेत्र आहे. पंचगंगेच्या पुराविषयीच्या इंग्रजी बातम्यांत ‘फ्लड मिटिगेशन’ हा प्रयोग आढळतो, तेव्हा पुराची झळ कमी करणे अभिप्रेत असते. शिवाय, ‘प्रतिकूल ठरणे’ या अर्थाच्या ‘मिलिटेट’शी त्याची गल्लत चांगले लिहिणारेही करतात. वर्णानुक्रमाने लावलेल्या याद्यांत असे सारख्या उच्चाराचे शब्द शेजारीशेजारी येऊन गोंधळ वाढतो, हा अशा जाडजूड पुस्तकांवरचा माझा मुख्य आक्षेप आहे.

म्हणून वहीत शब्द, त्याचा एक सोबती आणि तो जिथे भेटला ते संपूर्ण वाक्य लिहावे. वाक्ये मिळवण्यासाठी १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात बसून इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख वाचावा. अर्थासाठी विद्यार्थ्यांकरिता रचलेला इंग्रजी-इंग्रजी कोश वापरावा. लाँगमनच्या अशा कोशात व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांत बांधलेल्या असतात.

यादी हवीच असेल, तर न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेली शैक्षणिक शब्दांची यादी पाहावी. तिच्यात ५७० शब्दकुळे (एका मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांचे गट) असून शैक्षणिक मजकुरातील सुमारे दहा टक्के शब्द त्यांतले असतात.

विस्मरणाचे म्हणाल, तर एका बैठकीत वीस वेळा घोकण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने उजळणी करावी. मात्र त्या वेळी वाक्यातील शब्द झाकून तो स्वतः आठवावा. वही नुसती चाळल्याने शब्द ओळखीचे वाटू लागतात, परीक्षेत ऐन वेळी आठवत नाहीत.