वाचकांचे प्रश्न : पिसांची जिग

प्रश्न : मरळ माशासाठी घरीच जिग, म्हणजे शिसे-पिसे लावलेला नकली आमिषाचा गळ, बांधतो. गळाच्या डोळ्याजवळ शिसे, मागे गावठी कोंबड्याची पिसे. आठ-दहा वेळा फेकली की पिसे दांडीभोवती गोल फिरतात, शेपटी गळाच्या वाकात अडकते. दोरा तर करकचून आवळतो. (अर्जुनी मोरगाव तालुका)

उत्तर : दोरा घट्ट असेल, पण खाली गुळगुळीत लोखंड आहे. पीस लावण्याआधी शिशापासून वाकापर्यंत नुसत्या दोऱ्याचे वेढे एकाला एक लावून न्या आणि तसेच परत आणा. या अस्तरावर पीस धरते. शिंप्याकडचा पॉलिएस्टर दोरा चालतो. सुती नको, तो कुजतो.

आता पीस हातात घ्या. बुडाशी जो कापसासारखा भाग असतो, तो चिमटीने खाली ओढून काढा, देठ 5-6 मिलिमीटर उघडा करा. कापसावर आवळलेला दोरा कोरडा असताना घट्टच वाटतो; भिजला की कापूस दबतो आणि वेढे सैल पडतात. उघडा देठ गोल असतो, तो नखाने चेपून चपटा केला की लोळत नाही. नव्याण्णव टक्के दोष इथेच असतो, पण लोक गाठीला शिव्या देतात.

शेपटी अडकते ती लांबीमुळे. दांडी 2 सेंटिमीटर असेल तर शेपटी 3 च्या वर नको. आखूड करायची तर देठाकडून कापा, शेंड्याकडून कधीच नाही, कारण पाण्यात शेंडाच हालतो. मानेची चार पिसे घ्या, दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या. चकाकत्या बाजू एकमेकींकडे ठेवल्या तर शेंडे बाहेर वळतात, ओढ-थांब केली की शेपटी मिटते-उघडते. उलट ठेवल्या तर ती मिटलेलीच, मासोळीसारखी सरळ. कमळाच्या पानांच्या कडेला हळू ओढायची असेल तर पहिली रीत बरी. शिशाला लागून आणखी एका पिसाचे तीन-चार वेढे पुरतात. जास्त दिले तर जिग फुगते आणि बुडायला वेळ लावते. शेवटी तीन फासगाठी, त्यावर रंगहीन नेलपॉलिशचे दोन हात. पहिला पूर्ण वाळू द्या, पिसाच्या केसांत जाऊ देऊ नका.

प्रश्न : चिकनच्या दुकानात पोत्याने पिसे पडलेली असतात. ती चालतील का?

उत्तर : मानेची नाही. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत कापतात, तोवर लांब पिसे आलेलीच नसतात. मांडीजवळची मऊ पिसे मात्र कामाची, शेपटीला छान. अडचण अशी की दुकानात कोंबडी गरम पाण्यात बुडवतात, पिसे गोळा होऊन चिकटतात. गिऱ्हाइकी कमी असेल तेव्हा कोरडीच उपटून द्यायला सांगा. कोमट पाण्यात चार थेंब शाम्पू टाकून धुवा, सावलीत वाळवा. रंगवायची तर लोकरीचा रंग घ्या, लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर, पाणी गरम पण उकळते नको. सुती कापडाचा रंग पिसावर नीट चढत नाही. हळद चढते, पण उन्हात उडते.

गावठी कोंबडा वर्षाच्या पुढचा असला तर मानेची पिसे भरपूर. रानपाखराचे पीस वापरू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 आड येतो आणि कोंबड्याने भागतेच.

प्रश्न : शिसे घरी वितळवून डोके ओतावे का?

उत्तर : नको. धूर विषारी, आणि साच्यात ओलावा राहिला तर वितळलेले शिसे अंगावर उडते. बाजारातले चिरलेले शिशाचे मणी पकडीने डोळ्याजवळ दाबा. आधी तिथे दोऱ्याचे अस्तर, नाहीतर मणीही फिरेल. सहा-आठ फूट पाण्याला 5 ग्रॅम पुरते. हात धुतल्याशिवाय खर्रा तोंडात टाकू नका.

उरलेली पिसे पूर्ण वाळल्यावर झाकणाच्या बरणीत, डांबरगोळीसह. अर्धवट वाळली तर बुरशी येते, उघडी राहिली तर कसर लागते.