‘प्रभूने सांगितलंय’ म्हटल्यावर बायकोने काय बोलायचं?

पत्र: आम्ही मूळचे नगरचे. बरीच वर्षं टेक्सासमध्ये, डॅलसजवळ राहतो. यजमान ६१ वर्षांचे आहेत. त्यांनी ठरवलंय की नोकरी सोडायची, रिटायरमेंटच्या पैशातून आत राहायची सोय असलेली मोठी कॅम्पर गाडी घ्यायची आणि अमेरिकेच्या पन्नासही राज्यांच्या विधानभवनांसमोर जाऊन दोघांनी प्रार्थना करायची. रणशिंग आणि अभिषेकाचं तेल मागवून झालंय. प्रत्येक ठिकाणचा व्हिडिओ टाकणार म्हणतात. प्रार्थना सगळी एकाच पक्षाच्या विजयासाठी चालते, त्यामुळे मुलगा बापाशी धड बोलत नाही. माझा प्रार्थनेवर पूर्ण विश्वास आहे, पण यात मन लागत नाही. काही बोलायला गेलं की म्हणतात, ‘प्रभूने सांगितलंय.’ त्यावर मी काय बोलू? गुडघे दुखतात, हे तर सांगायचीही लाज वाटते.

उत्तर:

प्रिय ताई, जय ख्रिस्त.

गुडघ्यांची लाज कसली? सहा-सात तास गाडीत बसायचं आहे ते तुमच्या गुडघ्यांना. ते आधी सांगा, आणि स्पष्ट सांगा.

आता त्या एका वाक्याबद्दल, कारण तुमचं सगळं पत्र त्याच्यापाशी येऊन अडलंय. ‘प्रभूने सांगितलंय’ म्हटलं की घरात पुढचं बोलणंच खुंटतं. नवऱ्याशी वाद घालता येतो, प्रभूशी कोण घालणार? तुमच्या यजमानांना पाचारण झालं असेल, मी नाही म्हणणार नाही. पण प्रवास दोघांचा आहे, पैसा दोघांचा आहे आणि प्रार्थनाही दोघांनी करायची आहे. मग ते पाचारण दोघांना ऐकू यायला हवं. तुमच्या मनाला लागलेली टोचणी हेही प्रार्थनेला आलेलं उत्तर असू शकतं. त्यांना म्हणा, ‘तुम्हाला जे ऐकू आलं ते मला अजून आलेलं नाही. मला वेळ द्या. आपण दोघं पाळकांसमोर बसू.’ यात अविश्वास नाही आणि नवऱ्याचा अवमानही नाही. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एखाद्याला सेवेचं पाचारण झालं तरी चार वडील माणसं बसून ते पारखतातच ना?

राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी हे बायबलमधलंच आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला, राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं सांगितलंय. तेव्हा सत्ता रोमी सम्राटाची होती आणि तो काही मंडळीचा मित्र नव्हता. नगरला रविवारच्या उपासनेत राज्यकर्त्यांसाठी मध्यस्थीची प्रार्थना होते ती तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. दिल्लीत आणि मुंबईत कोण बसलंय हे बघून ती कधी बदलते का? तुमच्या यजमानांनी हाच धागा सोडलाय असं मला वाटतं. एका पक्षाचा विजय मागणं सोपं असतं. जो आमदार आपल्याला मुळीच पटत नाही त्याचं नाव घेऊन त्याच्या घरच्यांसाठी, त्याच्या सद्‌बुद्धीसाठी मागायला बसलं की खरा घाम फुटतो. ते जमलं तर मुलगाही बापाकडे पुन्हा बघेल. घरात खरं दुखणं ते आहे, आणि मला त्याची काळजी तुमच्या प्रवासापेक्षा जास्त वाटते.

म्हणून पन्नासाचा हिशेब आत्ता मांडू नका. तसंही हवाईला गाडी जात नाही, आणि अलास्काची राजधानी जुनो, तिथे बाहेरून येणारा रस्ताच नाही, बोट नाहीतर विमान. पहिली फेरी टेक्सासची राजधानी ऑस्टिनची करा. डॅलसहून तीन-साडेतीन तास, एक मुक्काम. गुलाबी ग्रॅनाइटची तिथल्या विधानभवनाची इमारत १८८८ सालची आहे आणि लोकांसाठी उघडी असते. दारात सुरक्षा तपासणी होते, मग सरळ आत जाता येतं. घुमटाखाली उभं राहून वर पाहिलं की उंचावर तारा दिसतो. तिथे हळू बोललेलंही घुमतं, तेव्हा प्रार्थना मनातल्या मनात केलेली बरी. वर प्रेक्षक सज्जा आहे. टेक्सासचं विधिमंडळ विषम सालीच नियमित भरतं, जानेवारीपासून जास्तीत जास्त १४० दिवस. त्या दिवसांत गेलात तर खाली बसलेली माणसं प्रत्यक्ष दिसतील. नाहीतर रिकाम्या खुर्च्या आणि सहलीला आलेली शाळकरी पोरं. सभागृहं दोन: हाउसमध्ये १५० सदस्य आहेत, सेनेटमध्ये ३१. त्यातला तुमच्या भागाचा कोण हे आधी शोधा. दोन नावं तुम्ही निवडा, दोन यजमानांनी, आणि दोन्ही पक्षांतली निवडा.

रणशिंग घरी राहू द्या. दोन माणसं शांतपणे हात जोडून उभी राहिली तर कोणी हटकत नाही, पण रणशिंग फुंकलं की गर्दी जमते आणि पोलीसही येतात. जानेवारी २०२१ मध्ये जमावाने वॉशिंग्टनच्या संसद भवनावर हल्ला केला, त्यानंतर तर अशा इमारतींचे रखवालदार फार सावध असतात, आणि त्यांचं चूक नाही. भिंतीला किंवा दाराला तेल लावू नका. दगडावर डाग पडतो आणि तो कोणालातरी घासावा लागतो. व्हिडिओबद्दल मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय त्यांच्यासोबत वाचा. खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करण्याबद्दल प्रभू काय म्हणाला, ते त्यांना तुमच्या तोंडून ऐकू दे.

पैशाचं थोडक्यात. ६१ व्या वर्षी नोकरी सोडली तर तिच्यासोबतचा आरोग्य विमा जातो, आणि मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, ६५ ला मिळतं. मधली चार वर्षं विमा स्वतः विकत घ्यावा लागेल. कोब्रा नावाच्या कायद्याखाली नोकरीचाच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण हप्ता सगळा तुमच्या खिशातून. ४०१-के, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती बचत खात्यातून, पैसे काढताना वयाची साडेएकोणसाठ वर्षं उलटल्यामुळे दंड लागत नाही, मात्र साध्या खात्यातली, म्हणजे भरताना कर न भरलेली, रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात धरतात आणि कर बसतो. कॅम्परसाठी एकदम मोठी उचल केलीत तर कर अंगावर येईल. विम्याचा हप्ता आणि कर, हे दोन आकडे कागदावर लिहून समोर ठेवा. राजीनामा आत्ता नको, सुट्टी काढा. गाडी विकत घेऊ नका, तुमची आहे ती पुरते.

ऑस्टिनहून परतलात की महिनाभर थांबा. तेव्हाही दोघांना पुढे जावंसं वाटलं तर शेजारच्या ओक्लाहोमा राज्याची राजधानी ओक्लाहोमा सिटी डॅलसहून जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे. आणि निघायच्या आदल्या रात्री मुलाला फोन तुम्ही करू नका, यजमानांना करू द्या. त्यांनी त्याला एवढंच विचारावं, ‘तुझ्या मते कोणासाठी प्रार्थना करू?’ तो जे नाव सांगेल ते यादीत घ्यायचं, मग ते कुठल्याही पक्षातलं असो.