पुण्यात जतन केलेली ध्वनी-मिक्सरच्या सेटिंग्जची फाइल नागपूरच्या मैदानात तशीच चालेल का?

माइकनिहाय गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते), इक्वलायझर (जाड-बारीक स्वरांचा समतोल) आणि मॉनिटरचे (कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या मंचावरील स्पीकरचे) मिश्रण बहुतांशी चालेल. परंतु मुख्य स्पीकर व मागचे डिले टॉवर (मागच्या प्रेक्षकांसाठी मैदानात उभारलेले स्पीकर, ज्यांचा आवाज मुख्य स्पीकरचा आवाज तिथे पोहोचेपर्यंत रोखून धरतात) यांची जुळणी मात्र कस्तुरचंद पार्कसारख्या उघड्या मैदानात नव्यानेच करावी लागेल, आणि मे महिन्यात ती एकदा करूनही भागणार नाही. दौऱ्यावर ध्वनियंत्रणा सांभाळण्याच्या कामात हे मला दरवर्षी करावे लागते. कारण असे की हवेतील ध्वनीचा वेग तापमानानुसार बदलतो: दुपारच्या ४४ अंशांना तो सेकंदाला सुमारे ३५८ मीटर, तर रात्रीच्या ३० अंशांना सुमारे ३४९ मीटर असतो. त्यामुळे ६० मीटर मागे उभारलेल्या टॉवरला दुपारी साधारण १६८ मिलिसेकंदांचा विलंब द्यावा लागला, तर रात्री तो १७२ च्या आसपास हवा. अन्यथा मुख्य आवाज टॉवरच्या मागे पडतो, काही स्वर एकमेकांना छेदतात आणि मागच्या रांगांत शब्द धूसर होतात. शिवाय तापलेल्या जमिनीवरून आवाज वर वळतो, उलट रात्री जमिनीलगतची हवा गार झाली की तो खाली वाकून दूरच्या वस्तीपर्यंत पोहोचतो. म्हणून दुपारच्या साउंडचेकची पातळी रात्री जशीच्या तशी ठेवू नये (आयोजक कितीही आग्रह धरोत). वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या बंदिस्त जागी तापमानाचा हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. तेथे रिकाम्या आणि भरलेल्या खुर्च्यांमुळे पडणारा फरक अधिक महत्त्वाचा ठरतो.