युटिलिटी फंक्शन नाही म्हणून प्रस्ताव अडलाय? माझा अनुभव

ग्राहकाच्या पसंतीला आकडा देणारं युटिलिटी फंक्शन न धरताही बाजारात समतोल (मागणी-पुरवठा जुळवणाऱ्या किमती) असतो, असा तुमचा अर्थशास्त्राचा संशोधन-प्रस्ताव ‘आधी युटिलिटी फंक्शन दाखवा, मग समतोलाचं बोला’ असा शेरा मारून परत आला, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि राहवलं नाही. इथेच सोलापुरात पीएच.डी. करताना माझ्या फायलीवरही हाच शेरा होता. कार्यालयाचं नाव घेत नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. बैठकीगणिक सदस्य बदलायचे, शेरा मात्र तोच. लेखी कारण मागितलं की ‘पुढच्या बैठकीत बघू’. विद्यार्थ्याचं उमेदीचं वय असं खाण्याचा कुणालाच अधिकार नाही, अजूनही राग येतो.

अ‍ॅरो-डेब्रू, म्हणजे ठराविक अटींखाली समतोल असतोच हे सिद्ध करणारं मूळ प्रमेय, तुम्हाला ठाऊक आहेच. समितीपुढे ठेवा मास-कोलेल यांचा १९७४ चा लेख: पसंती अपूर्ण असली (काही पर्यायांची तुलनाच करता येत नसली), ट्रान्झिटिव्ह नसली (अ हे ब-पेक्षा आणि ब हे क-पेक्षा सरस, तरी अ हे क-पेक्षा सरस असेलच असं नाही), तरी समतोल असतो. पुढच्याच वर्षी गेल व मास-कोलेल आणि शेफर व सोनेनशाइन यांचे लेख आले. खरी अट वेगळीच आहे. ‘क्ष’ हा वस्तूंचा एक गठ्ठा धरा; त्यापेक्षा सरस वाटणाऱ्या गठ्ठ्यांच्या कॉन्व्हेक्स हलमध्ये, म्हणजे त्यांच्या मिश्रणांत, खुद्द ‘क्ष’ येता कामा नये, आणि पसंतीत सातत्य हवं (गठ्ठा किंचित बदलला तर पसंती एकदम उलटू नये).

तुम्ही दिलेलं चादरीच्या दुकानातल्या कुटुंबाचं उदाहरण छान आहे. अ, ब, क अशा तीन चादरी. आजी जाडी बघते, तिचा क्रम अ-ब-क. आई रंग बघते, ब-क-अ. बाबा किंमत बघतात, क-अ-ब. बहुमताने अ ही ब-ला हरवते, ब ही क-ला आणि क परत अ-ला. चक्र दाखवायला उत्तम, पण मास-कोलेल यांच्या प्रमेयाचं उदाहरण म्हणून देऊ नका. एक तर चादर अर्धी घेता येत नाही. वस्तू विभाज्य धरल्या तरी बहुमताच्या पसंतीत वरची हलची अटच मोडू शकते, आणि परीक्षक नेमकं तिथे धरतात. एकाच ग्राहकाची, अट पाळणारी पसंती घ्या.

फंक्शनच हवं म्हणून अडून बसले, तर शेफर यांचा १९७४ चा लेख द्या. पसंती पूर्ण, सतत आणि काटेकोर कॉन्व्हेक्स (एखाद्या गठ्ठ्याइतक्या तरी चांगल्या दोन गठ्ठ्यांचं मिश्रण त्याहून सरस) असेल, तर एका गठ्ठ्याऐवजी दोन गठ्ठ्यांच्या जोडीवर सतत फंक्शन मिळतं. पहिला सरस असेल तर किंमत धन, दुसरा सरस असेल तर ऋण.

आणखी एक. प्रत्येकाचा सुरुवातीचा साठा उपभोग-संचाच्या (त्याला शक्य असलेल्या गठ्ठ्यांच्या) आत आहे, काठावर नाही, हे गृहीतक स्पष्ट लिहा. नाहीतर उत्पन्न शून्यावर आलं की बजेटचं सातत्य तुटतं.

हे सगळं माझ्या अनुभवापुरतं. तुमच्या गाईडना विचारूनच पाऊल टाका. पण दुरुस्त प्रस्ताव देताना आवक क्रमांक घातलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.